दारावरचा कागद



मागच्या रविवारी मिस्सानंतर युवक-युवतींची सभा होती. सभा संपता संपता एका मुलाने उठून प्रश्न विचारला, "फादर, कोरोनासारखी साथ उद्या पुन्हा आली, तर आपल्या चर्चच्या दारात लसीचे सर्टिफिकेट तपासायचे का?" काही मुले हसली. एक मुलगी लगेच म्हणाली, "तपासायलाच पाहिजे, माझे आजोबा त्यात गेले." दुसरा म्हणाला, "देवाच्या घरात कसले सर्टिफिकेट?" आम्ही त्या दिवशी उत्तर दिले नाही. घड्याळाकडे बोट दाखवून सभा आटोपती घेतली. पण खरे सांगायचे तर उत्तर टाळण्याचे कारण घड्याळ नव्हते. तो प्रश्न आमच्याच एका जुन्या जखमेवर बोट ठेवणारा होता. म्हणून आज या पानावर त्याचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

१५ ऑगस्टचा पास

प्रथम काय घडले ते आठवू या. माणूस दुःख लवकर विसरतो आणि दुःखातून मिळालेला धडा त्याहूनही लवकर!

मार्च २०२० मध्ये आपली लोकल थांबली. जून २०२० पासून ती फक्त अत्यावश्यक सेवेतील लोकांसाठी धावू लागली. फेब्रुवारी २०२१ मध्ये ठरावीक वेळांत सर्वांना प्रवेश मिळाला आणि एप्रिलमध्ये दुसरी लाट आल्यावर पुन्हा दार बंद झाले. मग ८ ऑगस्ट २०२१ रोजी तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी जाहीर केले, की लसीचे दोन्ही डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांना १५ ऑगस्टपासून लोकलने प्रवास करता येईल. आपल्या दृष्टीने तो दुहेरी सण, स्वातंत्र्यदिन आणि पवित्र मरियेच्या स्वर्गउन्नयनाचा दिवस. स्टेशनांवर टेबले मांडली गेली. प्रमाणपत्र आणि ओळखपत्र दाखवायचे, शिक्का घ्यायचा आणि मग खिडकीवर मासिक पास काढायचा. सुरुवातीला एका दिवसाचे तिकीट मिळत नसे.

उमरोळीत राहणाऱ्याला लोकल म्हणजे काय हे समजावून सांगायची गरज नाही. एका बाजूला पालघर, दुसऱ्या बाजूला बोईसर आणि मधे आपले छोटे स्टेशन. डहाणूची लोकल चुकली की पुढच्या गाडीपर्यंत बाकावर बसून राहायचे. कुणी तारापूरच्या एमआयडीसीत, कुणी विरार-बोरिवलीला कामाला. इथे गाडीचे दार बंद होणे म्हणजे चूल बंद होणे.

पुढे २७ नोव्हेंबर २०२१ च्या आदेशाने ही अट दुकाने, मॉल, समारंभ आणि सार्वजनिक वाहतूक यांना लागू झाली. नियम मोडणाऱ्या व्यक्तीला ५०० रुपये दंड आणि आस्थापनेला १०,००० रुपये.

कागद कुणाजवळ होता?

आता थोडा हिशेब करू या. अठरा ते चव्वेचाळीस वर्षांच्या लोकांसाठी लसीकरण १ मे २०२१ पासून खुले झाले. तेव्हा लसच पुरेशी नव्हती. त्यातच मे महिन्यात कोविशिल्डच्या दोन डोसांमधील अंतर बारा ते सोळा आठवडे करण्यात आले. समजा, एखाद्या तरुणाला १५ जूनला पहिला डोस मिळाला. त्याचा दुसरा डोस लवकरात लवकर ७ सप्टेंबरला. त्यावर चौदा दिवस, म्हणजे २१ सप्टेंबर. या मुलाने सरकारने सांगितले तसेच केले. रांगेत उभा राहिला, नंबर लावला, दंड दुखवून घेतला. तरीही १५ ऑगस्टला तो दाराबाहेरच! त्याचा दोष एवढाच, की तो तरुण होता आणि देशात लस कमी होती.

ज्यांच्याकडे मोबाइल नव्हता त्यांची गोष्ट आणखी वेगळी. नोंदणी को-विन पोर्टलवर होत असे आणि एका मोबाइल नंबरवर चार जणांची नावे बसत. पाड्यावरच्या आजीने शिबिरात जाऊन डोस घेतला, पण नंबर दिला शेजारच्या मुलाचा. तो मुलगा कामाला दुसऱ्या गावी गेला आणि आजीचे प्रमाणपत्र त्याच्या फोनबरोबर गेले. आजीच्या दंडात लस होती, पण हातात कागद नव्हता.

एक तिसराही गट होता. ज्यांना कोरोना होऊन गेला होता, त्यांच्या शरीरात काही प्रमाणात प्रतिकारशक्ती होतीच. इटलीत आणि युरोपच्या इतर देशांत तेव्हा जो 'ग्रीन पास' होता, तो लस घेतलेल्याला, आजारातून बरे झालेल्याला किंवा नुकतीच चाचणी करून निगेटिव्ह आलेल्यालाही मिळत असे. आपल्या लोकलच्या खिडकीवर मात्र एकच कागद चाले, दोन डोसांचा. म्हणजे आपण प्रतिकारशक्तीचा पुरावा मागत नव्हतो, लसीकरणाचा पुरावा मागत होतो. या दोन गोष्टी जवळच्या आहेत, पण एक नाहीत.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे

येथे कुणाचा असा समज होऊ नये, की आम्ही लसीच्या विरोधात लिहीत आहोत. तसे मुळीच नाही! २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात सेवेला होतो. एका आठवड्यात चार अंत्यविधी केले. शेवटचा विधी एका गायन मंडळातील भगिनीचा होता. तिच्या मुलाला आईचा चेहरा पाहता आला नाही. लसीने त्यानंतर किती घरे वाचवली याचे आम्ही साक्षीदार आहोत. गंभीर आजार आणि मृत्यू टाळण्यात लसीचा उपयोग निर्विवाद आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ऑगस्ट २०२१ मध्ये लस घेणे ही प्रेमाची कृती आहे असे म्हटले होते आणि आम्ही ते आल्तारावरून अनेकदा सांगितले.

पुरावा मागणे हेच मुळात चूक, असेही म्हणता येत नाही. आपल्या वसई-पालघरच्या भागातील कितीतरी भाऊ जहाजावर नोकरी करतात. त्यांना 'पिवळे कार्ड' ठाऊक आहे. पीतज्वराची साथ असलेल्या आफ्रिकेतील वा दक्षिण अमेरिकेतील देशांतून भारतात येताना लसीचा दाखला दाखवावा लागतो. त्यामागचे कारण स्पष्ट आहे. तो आजार आपल्याकडे नाही, पण तो पसरवणारा डास आहे. एक रोगी आला तर आग लागू शकते. ती लस एकदा घेतली की बहुधा जन्मभर पुरते, म्हणून २०१६ पासून तो दाखलाही जन्मभरासाठी ग्राह्य धरला जातो. येथे कागद जे वचन देतो ते पाळतो. हा कागद मागण्यात अन्याय नाही.

१९०५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे देवीच्या लसीचा खटला आला होता. लस नाकारणारे गृहस्थ एक पाळक होते, हेन्निंग जेकबसन. न्यायालयाने समाजाच्या रक्षणासाठी असा नियम करण्याचा अधिकार मान्य केला आणि त्यांचा पाच डॉलरचा दंड कायम केला. पण त्यांना धरून बळजबरीने सुई टोचली गेली नाही.

नियम कशासाठी?

मग चूक कुठे आणि बरोबर कुठे, हे कसे ओळखायचे? सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्विनस यांचे एक उदाहरण आमच्या मनावर कोरले गेले आहे. तेराव्या शतकातील हा महान गुरू सांगतो, की शत्रूने शहराला वेढा घातला आहे आणि आदेश निघाला आहे, वेशीचे दरवाजे बंद ठेवा. आदेश योग्यच आहे. पण शहराचे रक्षण करणारे आपलेच शिपाई शत्रूच्या पाठलागातून पळत वेशीपाशी आले, तर काय करायचे? दार उघडायचे! आदेशाचे अक्षर मोडले तरी चालेल, कारण तो आदेश ज्या लोकांच्या रक्षणासाठी काढला, तेच लोक दारात उभे आहेत.

२०२१ साली आपल्या दारात कोण उभे होते? ज्यांनी लॉकडाऊनमध्ये भाजी आणली, कचरा उचलला, रुग्णालयाच्या फरशा पुसल्या, कारखाने चालू ठेवले, त्यांच्यातीलच कितीतरी जण एका डोसावर अडकून बाहेर राहिले होते. आत आरामात होता तो, ज्याच्याकडे चांगला फोन आणि लवकर मिळालेली लस होती. नियमाचा हेतू चांगला होता, पण त्याचा भार सर्वांत अशक्त खांद्यावर पडला.

या विचारातून आम्हांला चार कसोट्या सुचतात.

पहिली, कागद खरे बोलतो का? २०२१ च्या सुरुवातीला लस संसर्गही बराच रोखते असे दिसत होते. पण डेल्टा आणि वर्षाअखेरीस ओमिक्रॉन आला तेव्हा दोन डोस घेतलेल्यांनाही लागण होऊ लागली, त्यांच्याकडून इतरांनाही होऊ लागली. लस घेणाऱ्याचे स्वतःचे रक्षण चालू राहिले, पण 'माझ्याकडे कागद आहे म्हणजे माझ्यापासून तुला धोका नाही' हे विधान लंगडे झाले. वस्तुस्थिती बदलली की नियमानेही बदलले पाहिजे.

दुसरी, तो कागद सर्वांना मिळू शकतो का? जे देणे सरकारने अजून पोहोचवलेले नाही, त्याची पावती गरिबाकडे मागता येत नाही.

तिसरी, दार कोणते आहे? सिनेमागृहाचे दार आणि रोजीरोटीला नेणाऱ्या गाडीचे दार यांना एकच माप लावता येत नाही. सिनेमा महिनाभर न पाहिला तर कुणी उपाशी राहत नाही.

चौथी, बाहेर राहिलेल्यासाठी दुसरी वाट आहे का? चाचणी, मास्क, वेगळी वेळ, उघडी खिडकी, काहीतरी. 'नाही' म्हणून झाल्यावर जर पुढे काहीच नसेल, तर ते रक्षण राहत नाही, ती शिक्षा होते.

पुढे न्यायालयांनीही बरेचसे याच दिशेने विचार केला. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लोकलबाबतचे ते आदेश ठरलेली कार्यपद्धती सोडून काढले गेल्याचे सांगितले व राज्याला ते मागे घ्यायला सांगितले. एप्रिल २०२२ च्या सुरुवातीस, गुढीपाडव्याच्या सुमारास, राज्यातील निर्बंध उठले. आणि २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जेकब पुलियेल खटल्यात निर्णय दिला, की कुणावरही लसीची सक्ती करता येणार नाही. समाजाच्या आरोग्यासाठी सरकार निर्बंध घालू शकते, पण ते प्रमाणात असले पाहिजेत. लस न घेतलेल्यांकडून घेतलेल्यांपेक्षा अधिक संसर्ग होतो असे दाखवणारी माहिती न्यायालयापुढे आली नव्हती. म्हणून तशी परिस्थिती असेपर्यंत त्यांच्यावरील बंधने योग्य नाहीत, असे न्यायालयाने म्हटले. त्याच निकालात सरकारचे लसीकरणाचे धोरण मात्र अवाजवी नाही, असेही सांगितले.

आमची चूक

आता त्या जखमेविषयी. आमच्या त्या आधीच्या धर्मग्रामात डिसेंबर २०२१ च्या पहिल्या आठवड्यात एक लग्न होते. नवा आदेश नुकताच आला होता. आम्ही दंडाला घाबरलो आणि साथीलाही. दोन स्वयंसेवकांना दारात बसवले आणि सांगितले, "दोन डोसांचे प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय कुणालाही आत सोडू नका." मुले आज्ञाधारक होती. त्यांनी कुणालाही सोडले नाही.

लग्नाची मिस्सा छान झाली. विधी आटोपून आम्ही बाहेर आलो तेव्हा नवरी आवारातल्या आंब्याखाली गुडघ्यावर बसलेली दिसली, पांढऱ्या झग्यासकट. समोर तिची आजी होती. आजीचे दोन्ही डोस झाले होते, कागद नव्हता. ती दीड तास तिथे बसून होती. आम्ही जवळ गेलो, काय बोलावे सुचेना. आजीच म्हणाली, "वाईट नका वाटून घेऊ फादर, मी भायेरून मिस्सा ऐकली. नियम सगळ्यांना सारखाच असतो ना."

नियम सगळ्यांना सारखा होता खरा. पण त्याच मिस्सात पुढच्या बाकावर एक पाहुणे सारखे खोकत होते. त्यांच्याकडे प्रमाणपत्र होते म्हणून त्यांना कुणी एका शब्दाने विचारले नाही. आम्ही कागद पाहिले, माणसे पाहिली नाहीत. ती चूक त्या मुलांची नव्हती, सरकारचीही नव्हती. आमची होती. आजीला कोमुन्यांव द्यायला आवारात जायला आम्हांला पन्नास पावले लागली असती. आम्ही ती पन्नास पावले चाललो नाही.

त्याच काळातली एक गोष्ट आम्हांला नंतर कळली आणि आम्ही अधिकच खजील झालो. १ ऑक्टोबर २०२१ पासून व्हॅटिकनमध्ये प्रवेशासाठी ग्रीन पास सक्तीचा झाला होता. पण त्या आदेशातच एक अपवाद लिहिलेला होता. उपासनाविधीसाठी येणाऱ्यांना, त्या विधीपुरत्या वेळात, पासची अट नाही. अंतर, मास्क वगैरे नियम मात्र पाळायचे. जेथे पासची सक्ती होती तेथेही मिस्साचे दार उघडे होते. आम्ही मात्र ते लावून घेतले.

याजक छावणीबाहेर जातो

पवित्र शास्त्रात रोगमुक्तीच्या पुराव्याविषयी काही आहे का? आहे. लेवीय पुस्तकाच्या तेराव्या-चौदाव्या अध्यायांत कुष्ठरोग्याची तपासणी कशी करायची याचे नियम आहेत. तो रोगी वस्तीबाहेर राहायचा. बरा झाला की याजकाने त्याला पाहून तो शुद्ध आहे असे सांगायचे, म्हणजे आजच्या भाषेत प्रमाणपत्र द्यायचे. प्रभू येशूनेही बऱ्या झालेल्या कुष्ठरोग्याला याजकाकडे जाऊन स्वतःला दाखवायला सांगितले. प्रभूने पुराव्याचा नियम तुच्छ मानला नाही.

पण दोन गोष्टींकडे लक्ष द्या. एक, त्या नियमात रोग्याने छावणीत येऊन रांग लावायची नव्हती. याजकाने स्वतः छावणीबाहेर जाऊन त्याला पाहायचे होते. तपासणीचा उद्देश त्याला बाहेर ठेवणे हा नव्हता, त्याला परत घरी आणणे हा होता. दोन, मार्कच्या शुभवर्तमानात प्रभूने त्याला याजकाकडे पाठवण्याआधी हात पुढे करून स्पर्श केला. आधी स्पर्श, मग दाखला. आम्ही नेमका उलटा क्रम लावला होता.

ज्यांनी लस नाकारली त्यांना

काही बंधूंनी लस मिळत असतानाही घेतली नाही, कुणी भीतीने, कुणी मोबाइलवर आलेल्या अफवांमुळे, कुणी विचारपूर्वक. त्यांच्याशीही दोन शब्द बोलायला हवेत. डिसेंबर २०२० मध्ये व्हॅटिकनच्या श्रद्धा-सिद्धांत मंडळाने स्पष्ट केले होते, की लस घेणे हे सर्वसाधारणपणे नैतिक बंधन नाही, ते ऐच्छिक असले पाहिजे. काहीजण एवढेच वाक्य वाचून थांबले. पण त्याच पत्रकात पुढे असेही आहे, की सर्वांच्या हिताचा विचार करणे हे कर्तव्य आहे, आणि जे सद्‌सद्‌विवेकामुळे लस नाकारतात त्यांनी आपल्यामुळे दुसऱ्याला, विशेषतः दुर्बलांना, रोग होणार नाही यासाठी सर्व काळजी घेतली पाहिजे. म्हणजे विवेकाचे स्वातंत्र्य फुकट मिळत नाही. ज्याला सुई नको, त्याने मास्क सोडू नये, ताप असताना म्हाताऱ्या शेजाऱ्याच्या घरी जाऊ नये, आणि गर्दीतून आपणहून मागे व्हावे. दारावरच्या पहारेकऱ्याने अडवण्याआधी माणसाने स्वतः थांबणे, यालाच विवेक म्हणतात. आपण सगळे असे वागलो, तर दारात टेबल मांडायची पाळीच कमी येईल.

मग उत्तर काय?

युवक मित्रांनो, तुमच्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे आहे. उद्या साथ आली आणि शासनाने योग्य कारणाने नियम केले, तर आपण ते पाळू, साथीला कमी लेखणार नाही. सणाच्या जेवणाला, सहलीला, करमणुकीच्या कार्यक्रमाला पुरावा मागावा लागला तर मागू. पण मिस्सासाठी आलेल्या माणसाला कागदावाचून परत पाठवणार नाही. चर्चमध्ये जागा देता आली नाही तर मैदानात मिस्सा करू. मैदानातही जमले नाही तर आम्ही कोमुन्यांव घेऊन त्याच्या दारात जाऊ. आजोबा गमावलेल्या त्या मुलीची भीतीही खरी आहे. तिच्यासारख्यांसाठी अंतर, मास्क आणि हवेशीर जागा यांत आम्ही काटकसर करणार नाही. दुर्बलाचे रक्षण आणि गरिबाचा प्रवेश ही दोन्ही प्रेमाचीच कामे आहेत. एकासाठी दुसऱ्याचा बळी द्यायचा नाही.

एक काम मात्र साथ येण्याची वाट न पाहता आजच करता येईल. आपल्या धर्मग्रामात ज्यांच्याकडे मोबाइल नाही, ज्यांची कागदपत्रे अपुरी आहेत, अशी वडीलधारी माणसे कोण, हे प्रत्येक लघु ख्रिस्ती समूहाने पाहून ठेवावे. आधार असो, रेशन कार्ड असो, आजाराचे कागद असोत, कुणी तरुणाने आठवड्यातून एक तास त्यांच्यासाठी द्यावा. येत्या धर्मग्राम परिषदेत आम्ही हा विषय ठेवणार आहोत. ज्या दिवशी पुन्हा कुणी दारात उभे राहून कागद मागेल, त्या दिवशी आपल्या एकाही आजीवर आंब्याखाली बसण्याची वेळ येऊ नये.

ती आजी आता देवाघरी गेली आहे. तिथल्या दारात तिला कुणी कागद मागितला नसेल असा आमचा विश्वास आहे. आम्हांला मात्र तिथे पोहोचल्यावर त्या पन्नास पावलांबद्दल नक्की विचारले जाईल.

प्रभू आपणा सर्वांना आरोग्य देवो, आणि एकमेकांसाठी दार उघडण्याची बुद्धी देवो.

आपले,
धर्मगुरू